नुसता विचार करून कॅलरी जळतात का? घरात वाद चाललाय, जाणकारांनी सांगावं

सुरंगी, राजापूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन माणसांवरून एकच वाद चालू आहे आणि मला त्याचं खरं उत्तर हवंय.

पहिला माझ्या नणंदेचा मुलगा. रत्नागिरीत खोली घेऊन राहतो, राज्यसेवेची तयारी करतो. सकाळी अभ्यासिकेत शिरतो तो रात्री कुलूप लावायच्या वेळी बाहेर पडतो. गणपतीला घरी आला तर गालफडं बसलेली, पँट पट्ट्यावर कशीबशी राहिलेली. सासूबाई ठाम आहेत, "डोक्याच्या कामानं पोर झिजलं. मेंदू रक्त आटवतो."

दुसरी माझी चुलत जाऊ, वेंगुर्ल्याची. थायरॉइडची गोळी चालू आहे, वजन काही केल्या उतरत नाही. तिकडे एका शिबिरात तिला शिकवलं की डोळे मिटून बसायचं आणि 'माझी चरबी वितळते आहे' असं चित्र मनासमोर धरायचं. त्याने मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग, वाढतो, चालण्याचीसुद्धा गरज उरत नाही. चाळिशीनंतर तो झोपी जातो, त्याला मनाने जागं करायचं, असंही सांगितलं. पहिलं सत्र फुकट होतं. पुढच्यांची फी पाच आकडी आहे आणि ती भरायला निघाली आहे.

दोघांच्या बाबतीत दावा एकच आहे ना? विचाराने शरीर जळतं. हे खरं आहे का, आणि असेल तर किती?

कातळसडा, रत्नागिरी

सुरंगीताई, मी इथल्याच एका महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. हा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणी ना कुणी विचारतंच.

सासूबाईंचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. मेंदूचं वजन सुमारे १.४ किलो, म्हणजे शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास. पण आपण स्वस्थ पडलेले असताना शरीराचा जो ऊर्जेचा खर्च असतो त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दिवसाला ३०० ते ३५० कॅलरी, आणि त्यासाठी साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. एवढासा अवयव एवढं खातो म्हटल्यावर कोणालाही वाटेल की तो जोरात चालवला तर अजून खाईल.

तसं होत नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चेतापेशीच्या आवरणातून सोडियम आत आणि पोटॅशियम बाहेर येत-जात असतं. ते पुन्हा आपल्या जागी पोचवणारे पंप अहोरात्र चालू ठेवावे लागतात. पेशींची आपसातली संदेशांची देवाणघेवाणही तुम्ही घटनेची कलमं पाठ करत असा किंवा पडवीत बसून पाऊस बघत असा, चालूच राहते. अमेरिकेत सेंट लुईसला मार्कस रेशल यांनी मेंदूच्या याच पायाभूत खर्चावर आयुष्यभर काम केलं. अवघड काम करताना मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, स्कॅनमध्ये तो भाग उठून दिसतो. पण पूर्ण मेंदूचा हिशोब केला तर वाढ सहसा ५ टक्क्यांच्या आतच राहते. त्याआधी १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी तरुणांना तोंडी गणितं घातली आणि मेंदूने किती ऑक्सिजन वापरला ते मोजलं. आराम करताना आणि गणितं करताना, दोन्ही आकडे तेच आले.

आता तुमच्या भाच्याचा हिशोब करू. मेंदूचा तासाचा खर्च १२ ते १५ कॅलरी. त्याचे ५ टक्के म्हणजे एक कॅलरीसुद्धा भरत नाही. दहा तास जीव तोडून अभ्यास केला तरी मेंदूपुरता जादा खर्च एका काजूगराएवढा. अभ्यासात छातीचे ठोके थोडे वाढतात, मान-खांदे ताठ होतात, तेही धरलं तर तीन-चार काजूगर होतील. १९३०च्या दशकात फ्रान्सिस आणि कॉर्नेलिया बेनेडिक्ट या पतिपत्नींनी अंगभर होणारा हा खर्च श्वासावरून मोजला होता. डोक्याच्या कामाने ३-४ टक्के वाढ दिसली. तासभराच्या कसून केलेल्या विचाराला अर्धा खारा शेंगदाणा पुरतो, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

म्हणून भाचा विचाराने झिजलेला नाही, आणि जाऊबाईंचं वजन विचाराने उतरणार नाही.

रापणकर, मालवण

माका ह्यां काय पटणा नाय, कातळसडा. आकडे तुमचे बरोबर असतील, पण मी डोळ्यांनी बघितलेलं वेगळं आहे. माझी मुलगी बुद्धिबळ खेळते. कोल्हापूर-सांगलीकडच्या स्पर्धांना नेतो तिला. दोन डाव झाले की पोरगी गळून जाते, परतीच्या एसटीत बसल्या बसल्या झोपते. मोठे खेळाडू दिवसाला ६००० कॅलरी जाळतात असं मी वाचलंय. जगज्जेत्या कार्पोवचं वजन एका लढतीत दहा किलो उतरलं होतं. ते कसं काय?

आणि रापणीचं जाळं ओढताना किनाऱ्यावर मासळीचा अंदाज घेत एखादा जुना जाणता माणूस नुसता उभा असतो. दोरीला हात लावत नाही, पण जेवायला बसला की ओढणाऱ्यांच्या बरोबरीने जेवतो. त्याची भूक खोटी म्हणायची का?

कातळसडा, रत्नागिरी

भूक खोटी नाही. तिच्यावर पुढे बोलूच, आधी बुद्धिबळ.

६००० चा आकडा २०१९ मध्ये इएसपीएन या क्रीडावाहिनीच्या लेखातून जगभर पसरला आणि त्याला स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सपोल्स्की यांचं नाव जोडलेलं होतं. स्पर्धेच्या ताणात श्वास वाढतो, रक्तदाब चढतो, स्नायू आवळले जातात, त्यावरून तो अंदाज बांधलेला होता. कोणा खेळाडूचा दिवसभराचा ऊर्जाव्यय मोजून तो आलेला नाही. टूर द फ्रान्समध्ये आल्प्स चढणारे सायकलपटू दिवसाला ६००० किंवा त्याहून जास्त कॅलरी जाळतात, त्यांचं मात्र मोजमाप झालेलं आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचा खर्च त्यांच्या बरोबरीला जाईल का, तुम्हीच सांगा.

कार्पोव-कास्पारोव यांची ती लढत सप्टेंबर १९८४ ला सुरू झाली आणि ४८ डावांनंतर फेब्रुवारी १९८५ मध्ये निकालाशिवाय थांबवावी लागली. पाच महिने. कार्पोव दहाएक किलोंनी उतरले असं सांगतात. पाच महिने जेवण जात नसेल, झोप लागत नसेल, तर वजन उतरायला मेंदूच्या कॅलरी मोजायला नकोत. ताणाने एखाद्याची भूक मरते, एखाद्याची खवळते.

तुमच्या मुलीचं गळून जाणं मात्र शंभर टक्के खरं आहे. पॅरिसच्या काही संशोधकांनी २०२२ मध्ये लोकांना दिवसभर बौद्धिक कामाला बसवलं, काहींना अवघड आणि काहींना सोपं. अवघड कामवाल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात संध्याकाळपर्यंत ग्लुटामेट हे रसायन जास्त साचलेलं आढळलं, आणि त्यांची निवडही झटपट मिळणाऱ्या, कमी कष्टाच्या गोष्टींकडे झुकली. म्हणजे थकवा येतो त्याचं कारण इंधन संपलं हे नसावं, रसायनांचं संतुलन बदललं हे असावं. अजून यावर काम चालू आहे. पण थकवा आणि कॅलरी ही दोन वेगळी खाती आहेत एवढं नक्की, आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो.

कलमवाला, देवगड

हे मला अगदी पटलं. हंगामात बागेत आंबे उतरवायचा झेला घेऊन दिवसभर फिरतो तेव्हा संध्याकाळी अंग दुखतं पण डोकं ताजं असतं. पेट्या रवाना झाल्या की दलालांचे हिशोब, फवारणीची बिलं, गड्यांची मजुरी घेऊन बसायला लागतं. त्या दिवशी उठायचं त्राण नसतं, आणि हात सारखा फरसाणाच्या डब्याकडे जातो. हिशोबाच्या दिवशी बागेतल्या दिवसापेक्षा जास्त खाल्लं जातं हे मी कित्येक हंगाम बघतोय. याचं कारण कोणी सांगेल का?

जायफळ, चिपळूण

कलमवाले दादा, मी आहारसल्ला देते आणि बँकेतल्या, शाळेतल्या लोकांकडून हीच तक्रार रोज ऐकते. यावर क्वेबेकच्या लावाल विद्यापीठाने २००८ मध्ये छान प्रयोग केला होता. १४ विद्यार्थिनी. एकदा ४५ मिनिटं नुसतं बसायचं, एकदा तेवढाच वेळ वाचून सारांश लिहायचा, एकदा संगणकावर लक्ष लागेल अशा चाचण्या सोडवायच्या. नंतर हवं तेवढं जेवण पुढ्यात. डोक्याच्या कामाने जादा जळल्या फक्त ३ कॅलरी. पण जेवताना सारांशवाल्या वेळी २०३ आणि चाचण्यांच्या वेळी २५३ कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या. त्यांच्या रक्तातली साखर आणि इन्शुलिन त्या कामात जास्त वरखाली झालं होतं, ताणाचं कॉर्टिसोलही वाढलं होतं.

रापणकर दादा, तुमच्या त्या जाणत्या माणसाची भूक इथे बसते. शिवाय तो उन्हात, वाळूवर तासन्‌तास उभा असतो, चालतो, हातवारे करून ओरडतो. ते शरीराचंच काम आहे.

म्हणून मी तर उलट सांगेन. डोक्याच्या कामाने बहुतेकांचं वजन वाढतं. खर्च तेवढाच राहतो आणि तोंड चालू राहतं. सुरंगीताई, तुमचा भाचा मात्र बारीक झालाय, म्हणजे तो खातच नाहीये, किंवा खाल्लेलं अंगी लागत नाहीये. मेसचा डबा त्याला जातो का हे आधी विचारा. अभ्यासिकेतल्या मुलांचं मी पाहते, सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री डबा आला तर आला.

अबोली, गुहागर

सगळं वाचलं. तरी मनाला एवढं बाजूला सारू नका असं मला मनापासून वाटतं. मी ध्यान करते, त्याचा मला उपयोग झालाय, आणि यावर खरे प्रयोग आहेत.

आलिया क्रम आणि एलन लँगर यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या ७ हॉटेलांमधल्या ८४ सफाई कामगार बायकांचा अभ्यास केला होता. काहींना सांगितलं की तुमचं रोजचं काम हाच उत्तम व्यायाम आहे. बाकीच्यांना काही सांगितलं नाही. चार आठवड्यांत पहिल्या गटाचं वजन किलोभर उतरलं, रक्तदाबही कमी झाला. याच क्रमबाईंनी पुढे एकच मिल्कशेक लोकांना दोन वेगवेगळी लेबलं लावून दिला. ३८० कॅलरींचा शेक 'भरपूर मलईचा, ६२० कॅलरी' म्हणून प्यायला तेव्हा भुकेचं घ्रेलिन हे हार्मोन जास्त जोरात खाली आलं. 'हलका, १४० कॅलरी' म्हणून प्यायला तेव्हा फारसं हललंच नाही. तिबेटी साधक ध्यानातून हातापायांच्या बोटांचं तापमान वाढवतात, हेही हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. मग मन शरीराला हलवतं हे सिद्ध झालं की नाही?

कातळसडा, रत्नागिरी

अबोलीताई, तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं खरी आहेत आणि मी ती वर्गात शिकवतो. मन शरीरावर परिणाम करतं याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कॅलरींचा.

हॉटेलातल्या बायका दिवसभर खोल्या झाडत होत्या, गाद्या उचलत होत्या. कामाकडे बघण्याची नजर बदलल्यावर त्या नकळत जास्त जोमाने राबल्या का, कमी जेवल्या का, हे यंत्राने मोजलेलं नव्हतं. पुढे अशाच कष्टाच्या कामावरच्या लोकांवर दुसऱ्यांनी प्रयोग केला तेव्हा तो फायदा दिसला नाही. मिल्कशेकच्या प्रयोगात भूक बदलली, आणि हे महत्त्वाचंच आहे, कारण वजनाचा अर्धा खेळ भुकेचा असतो. पण घ्रेलिन उतरलं म्हणून चरबी जळाली असं त्यातून निघत नाही. तिबेटी साधकांच्या बाबतीत २०१३ च्या अभ्यासाने उलगडून दाखवलं की उष्णता तयार होते ती श्वास रोखून पोटाचे आणि ओटीपोटाचे स्नायू आवळण्याच्या त्या विशिष्ट क्रियेने. मनातल्या ज्योतीच्या चित्राने ती उष्णता टिकायला मदत होते. म्हणजे तिथेही स्नायू राबतात.

अजून एक तुमच्या बाजूचं सांगतो. १९९२ मध्ये यू आणि कोल यांनी लोकांना करंगळी जोरात दाबतोय अशी नुसती कल्पना करायला लावली. काही आठवड्यांनी करंगळीची ताकद २२ टक्क्यांनी वाढली, खरोखर व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्क्यांनी. मेंदू स्नायूला जास्त नेमका हुकूम द्यायला शिकला, स्नायू जाड झाला नव्हता. हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला याचा उपयोग आहे. वजन उतरवायला नाही.

शिबिरातलं 'चाळिशीनंतर मेटाबॉलिझम झोपतो' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६४०० हून अधिक लोकांचा ऊर्जाव्यय मांडला, अगदी तान्ह्या बाळांपासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराचं आकारमान हिशोबात धरलं तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत तो जवळपास सपाट राहतो. चाळिशीत कमी होतात ते स्नायू, चालणं आणि झोप. जो झोपलाच नाही त्याला जागं करायचे पैसे घेतले जात आहेत.

अबोली, गुहागर

भुकेचा मुद्दा तुम्ही मान्य केलात, तो मला महत्त्वाचा वाटतो. ध्यानाला बसायला लागल्यापासून माझं संध्याकाळचं उगाचचं खाणं थांबलं. मी त्याला मनाचीच ताकद म्हणेन. पण 'चालायची गरज नाही' असं कोणी शिकवत असेल तर ते मलाही पटत नाही. आणि शांत बसायला पाच आकडी फी कशाला?

रापणकर, मालवण

एक शंका. नात पाच वर्षांची आहे, दिवसभर "हे काय, ते काय" चालू असतं आणि सतत भूक भूक. तिच्या मेंदूचंही असंच असतं का?

कातळसडा, रत्नागिरी

तिचं वेगळं आहे! २०१४ मध्ये क्रिस्टोफर कुझावा यांच्या गटाने दाखवलं की चार-पाच वर्षांच्या वयात मेंदूची ग्लुकोजची मागणी आयुष्यातली सर्वात जास्त असते. शरीराच्या एकूण खर्चातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या मेंदूचा. त्याच वयात अंगाची वाढ सगळ्यात मंद असते. तेही जास्त विचार केल्याने होत नाही, मेंदूची जुळणी चालू असते म्हणून होतं. तिला पोटभर घालाच.

दीपमाळ, दापोली

मी आरोग्य विभागात परिचारिका आहे. चर्चा छान चालली आहे पण सुरंगीताईंच्या भाच्याकडे पुन्हा या, कारण मला त्याची काळजी वाटते. "अभ्यासाने झिजला" म्हणून घरच्यांनी सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि पुढे त्यांच्यात काहीतरी आजार निघालेला असतो. तरुण मुलाचं वजन कारण नसताना उतरत असेल तर विचारा: तहान फार लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का? मग साखर तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम? मग टीबीसाठी बेडक्याची तपासणी, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. छातीत धडधड, हाताला कंप, उकाडा सहन न होणं? मग थायरॉइड. मन उदास असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. परीक्षांच्या या वाटेवर मुलं एकटी पडतात, ती घरी बोलत नाहीत.

आणि जाऊबाईंना विचारा, थायरॉइडची गोळी त्या नेमकी कधी आणि कशाबरोबर घेतात.

जायफळ, चिपळूण

दीपमाळताईंना पूर्ण अनुमोदन. बसून अभ्यास करणाऱ्यांसाठी अजून एक. मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा खायला घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची चार किलोंहून जास्त वाढली. फरक पडला तो दिवसभरातल्या बारीकसारीक हालचालींमुळे, म्हणजे उठणं, उभं राहणं, येरझाऱ्या. व्यायाम वेगळाच. जाऊबाईंना सांगा, फोनवर बोलायचं ते अंगणात चालत बोला. साठ किलोच्या माणसाने तासभर बऱ्या वेगाने चाललं तर दोनशेच्या आसपास कॅलरी लागतात. तेवढ्या नुसत्या विचाराने जाळायच्या तर किती दिवस बसावं लागेल, हे वरच्या काजूगरांवरून काढता येईल.

सुरंगी, राजापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्हीकडे फोन केले, काय कळलं ते सांगते.

भाच्याशी त्याचे मामा बोलले. रात्रीचा डबा त्याने पैसे वाचवायला बंद केलाय आणि घरी कळवलं नव्हतं. नणंदेला रडू आलं. डबा परत सुरू केला, आणि इथून उकड्या तांदूळ, कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे पाठवतोय. खोलीत शेगडी आहे. तहान-लघवीचं काही नाही म्हणतो, पण खोकला आहे, किती दिवसांचा ते त्याला नीट सांगता येईना. म्हणून सोमवारी मामा स्वतः जाऊन त्याला सरकारी रुग्णालयात नेणार आहेत, साखरही तपासून घेतील. सासूबाईंना काजूगराचा हिशोब सांगितला. त्या म्हणाल्या, "मग उपाशी होता म्हणा की," आणि लाडू वळायला बसल्या.

जाऊबाईंचं मात्र दीपमाळताईंनी विचारलं तेच निघालं. थायरॉइडची गोळी त्या सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर घेतात आणि लगेच मागोमाग कॅल्शियमची. याने काही बिघडतं का? फी अजून भरलेली नाही.

दीपमाळ, दापोली

बिघडतं. चहा-कॉफी आणि कॅल्शियमने ती गोळी आतड्यातून नीट शोषलीच जात नाही. शरीर ऊर्जा किती वेगाने वापरणार हे ठरवण्यात या गोळीतल्या थायरॉइड हार्मोनचाच मोठा हात असतो, तेव्हा आधी इथे लक्ष घाला. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर गोळी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी मध्ये चार तास सोडून, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर घेतली तरी चालेल. त्यांच्या डॉक्टरांना हे सगळं आत्ताच सांगा, डोस आपल्या मनाने वाढवू-घटवू नका. नवीन वेळेने गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करा, आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या. फीचं त्यानंतर बघा.

भाच्याच्या खोकल्याचं काय निघालं ते इथे नक्की कळवा. पहिला बेडका सकाळचा द्यायचा, खोल खोकून काढलेला, नुसती लाळ नको.